तीन ओळींत इंटरप्ट? जरा थांबा

एम्बेडेड लिनक्सवाल्यांमध्ये, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या बोर्डांवर लिनक्स चालवणाऱ्यांमध्ये, एक कानमंत्र फिरत असतो: सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट (चिपने पिनवरून प्रोसेसरला मारलेली हाक) लावणं हे तीन ओळींचं काम. ट्रिगर ‘रायझिंग एज’ (पिन खालून वर जाते तो क्षण) ठेवा, हँडलरमध्येच (हाक आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येच) डेटा वाचा, पोलिंग (सेन्सरला पुन्हा पुन्हा विचारत राहणं) कायमचं विसरा. आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर जोडलेला एडीएक्सएल345 हा साधा अ‍ॅक्सेलरोमीटर घेऊन हे तपासू.

हँडलरमध्ये वाचायचं म्हणता? तिन्ही अक्षांचे 6 बाइट 400 किलोहर्ट्झला वाचायला साधारण 0.2 मिलीसेकंद लागतात, आणि तेवढ्यात बसचा ड्रायव्हर झोपू शकतो, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामाला देऊन वाट पाहू शकतो. हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे हाक येताच हातातलं काम थांबवून चालणाऱ्या हँडलरमध्ये, झोपायला बंदी. कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ म्हणून बोंब मारतो. 2009 साली कर्नलच्या 2.6.30 आवृत्तीत थ्रेडेड इंटरप्ट (हँडलरचं काम झोपू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये) आले ते अशाच कामांसाठी.

खरी मेख ‘रायझिंग एज’मध्ये आहे. या चिपची पिन क्षणभर वर जाऊन खाली येत नाही, डेटा वाचेपर्यंत वरच राहते. वीज न घालवता बोर्ड रीबूट केला आणि पिन आधीपासूनच वर असली, तर एज येणार कुठून? एरर नाही, डेटा नाही, प्रॉक-इंटरप्ट्स या कर्नलच्या इंटरप्ट मोजणाऱ्या फाइलमधला आकडा शून्यावर. माणूस वायरी बदलत बसतो. इथे लेव्हल ट्रिगर (पिन वर असेपर्यंत लागू राहणारा) हवा, सोबत वनशॉट फ्लॅग, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क (तात्पुरती बंद) राहते आणि पिन तरीही वर असेल तर इंटरप्ट पुन्हा येतो. लेव्हलचीही खोड आहेच: पोलॅरिटी (हाक म्हणजे पिन वर की खाली) उलटी पडली आणि हँडलर ‘माझा नाही’ म्हणत राहिला, तर 1,00,000 पैकी 99,900 हून जास्त इंटरप्ट बेवारस निघाल्यावर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ लिहून ती लाइनच बंद करतो.

म्हणून ट्रिगर ड्रायव्हरमध्ये कोरून ठेवू नये. चिप मुळात अ‍ॅक्टिव्ह-हाय (हाक देताना पिन वर नेणारी) असली तरी मधे सिग्नल उलटवणारा इन्व्हर्टर आहे का, हे बोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक. ते डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहावं. ड्रायव्हरने ट्रिगरचा एकही फ्लॅग न देता तिथलाच घ्यावा. आणि आधी हँडलर नोंदवावा, चिपमधला इंटरप्ट सर्वांत शेवटी चालू करावा.

राहिलं पोलिंग. 800 हर्ट्झला प्रत्येक सॅम्पलमागे इंटरप्ट घेतला तर प्रोसेसर सेकंदाला 800 वेळा दचकतो. याच चिपमध्ये 32 सॅम्पलचा फिफो (सॅम्पल रांगेत साठवणारी जागा) आहे. वॉटरमार्क (किती सॅम्पल साठल्यावर हाक मारायची तो आकडा) 16 ठेवला की हेच 50 वर येतं. मिनिटाला एकदा तापमान वाचणाऱ्या सेन्सरला मात्र खुशाल पोल करा.