बहानगाच्या फोटोतली ती पांढरी इमारत मशीद नाही

ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकाजवळ 2 जून 2023 रोजी झालेल्या रेल्वे अपघाताचा हवाई फोटो पुन्हा फिरतो आहे. उलटलेल्या डब्यांशेजारच्या एका पांढऱ्या इमारतीकडे बाण दाखवून ‘काल शुक्रवार होता’ असं सुचवलं जातं. म्हणजे ती इमारत मशीद आणि शुक्रवारच्या नमाजाच्या दिवशी झालेला अपघात हा घातपात, असा दावा.

हे खोटं आहे. ती इमारत इस्कॉनचं मंदिर आहे. बाणाखाली झाकलेलं शिखर जमिनीवरून काढलेल्या फोटोंत स्पष्ट दिसतं. अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांवर कारवाईचा इशारा ओडिशा पोलिसांनी तेव्हाच दिला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नल यंत्रणेच्या वायरिंगमधल्या चुकांचं. कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्ग सोडून लूप लाइनवर, म्हणजे शेजारच्या बाजूच्या रुळांवर वळली आणि उभ्या मालगाडीवर आदळली.

290हून अधिक माणसं गेली. त्यांत कामासाठी दक्षिणेकडे निघालेले बंगाल-ओडिशातले कितीतरी मजूर होते. मृतदेह जवळच्या शाळेच्या वर्गांत ठेवले होते आणि नातेवाईक चेहरे शोधत होते. त्याच रात्री बालासोरमध्ये रक्तदानासाठी तरुणांची रांग लागली होती. ओळख न पटलेल्या 28 जणांवर ऑक्टोबरात अंत्यसंस्कार झाले. डीएनए तपासणीची वाट पाहत बसलेल्या घरांना धीर हवा होता. त्याऐवजी त्यांच्या दुःखाचा वापर शेजाऱ्यांवर संशय घेण्यासाठी झाला, याची मला चीड येते.

तो फोटो तुमच्या ग्रुपवर आला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.