एपिड्युरल आणि सिझेरियन : एका फिरत्या संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्यालगत दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल या भूलपद्धतीविषयी एक संदेश गर्भवती स्त्रियांना वारंवार पाठवला जातो. त्याचे शब्द दरवेळी थोडे बदलतात, दावे मात्र तेच राहतात. एपिड्युरल घेतले की सिझेरियन ठरलेलेच. पाठदुखी जन्माची मागे लागते. औषध बाळाला गुंगवते, ते दूध ओढत नाही आणि पुढे त्याला स्वमग्नताही (ऑटिझम) होऊ शकते. श्वासाचे व्यायाम, हालचाल आणि कोमट पाणी एवढे पुरेसे असते. आणि म्हणून बर्थ प्लॅनमध्ये, म्हणजे प्रसूती कशी व्हावी याविषयीच्या इच्छा आधीच लिहून ठेवण्याच्या कागदात, ‘एपिड्युरल नको’ असे लिहून ठेवावे, कळांच्या भरात स्त्रीने ते मागितले तरी सोबतच्यांनी तिचे ऐकू नये. यांतील बहुतेक दाव्यांच्या मुळाशी कधीतरी झालेले एखादे निरीक्षण आहे, म्हणूनच ते इतके चिवट ठरले आहेत. त्या निरीक्षणांचे पुढे काय झाले, हे संदेशात कुठेच येत नाही.

आधी ही पद्धत नेमकी काय आहे ते पाहू. प्रौढ व्यक्तीचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. एपिड्युरलची सुई त्याच्या खालच्या मणक्यांच्या फटीतून, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर असलेल्या पोकळीत नेली जाते. मग सुई काढून घेतात आणि तिथे एक बारीक मऊ नळी राहते. या नळीतून औषध थोडे थोडे देता येते, वाढवता येते, बंदही करता येते.

पहिला दावा सिझेरियनचा. तो पूर्णपणे मनगढंत नाही. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिलटकरणींचे दोन गट केले होते. एपिड्युरल घेतलेल्या गटात २५ टक्के स्त्रियांचे सिझेरियन झाले आणि शिरेतून वेदनाशामक घेतलेल्या गटात जेमतेम २ टक्के स्त्रियांचे. आकडे धक्कादायक होते, चाचणी मध्येच थांबवली गेली आणि भीती पसरली. मात्र त्या चाचणीत एकूण स्त्रिया होत्या अवघ्या ९३.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांमध्ये, मागेल त्या स्त्रीला एपिड्युरल देण्याचे धोरण आले. होनोलुलूच्या लष्करी रुग्णालयात तोवर सुमारे १ टक्का स्त्रियाच एपिड्युरल घेत असत. वर्षभरात ते प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. डॉक्टर तेच होते, रुग्णालय तेच होते, स्त्रियाही त्याच प्रकारच्या होत्या. एपिड्युरलमुळेच सिझेरियन होत असते, तर त्यांची संख्या तिथे झपाट्याने वाढायला हवी होती. ती जवळजवळ होती तिथेच राहिली. पुढे २०१८ साली वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ४० चाचण्यांतील ११,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत एपिड्युरल घेणाऱ्यांमध्ये सिझेरियनचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. गर्भाशयमुख चार सेंटिमीटर उघडण्याच्या आत ते घेतले तर धोका वाढतो, हे या दाव्याचेच एक उपकलम. तेही २००५ साली ७५० पहिलटकरणींवरील चाचणीत टिकले नाही.

तरीही अनेकींचा अनुभव उलटा का असतो? ज्या बाळाचे डोके आडवेतिडवे अडलेले असते, त्याच्या आईच्या कळा लांबतात आणि जास्त दुखतात. जास्त दुखते म्हणून ती एपिड्युरल मागते. आणि बाळ अडलेलेच असल्यामुळे शेवटी सिझेरियन करावे लागते. पाहणाऱ्याला मात्र आधी सुई आणि मग शस्त्रक्रिया एवढाच क्रम दिसतो. स्त्रियांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करणाऱ्या चाचण्यांमध्ये हा घोळ टळतो, म्हणूनच त्यांच्या उत्तराला अधिक वजन द्यावे लागते.

सिझेरियनचा दावा खोटा ठरला, म्हणजे एपिड्युरल फुकटात मिळते असे मात्र नाही. त्याने प्रसूतीचा पहिला टप्पा, म्हणजे गर्भाशयमुख उघडण्याचा काळ, आणि दुसरा टप्पा हे दोन्ही काहीसे लांबतात; होनोलुलूच्या त्याच रुग्णालयात दुसरा टप्पा, म्हणजे जोर करण्याचा काळ, सरासरी २५ मिनिटांनी वाढला. रक्तदाब खाली येऊ शकतो, म्हणून तो वारंवार मोजावा लागतो आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. पाय जड होतात, लघवीची जाणीव जाते आणि नळी घालावी लागू शकते, अंगाला खाज सुटू शकते. काही स्त्रियांना ताप येतो, आणि तो संसर्गाचा आहे की एपिड्युरलचा हे लगेच कळत नसल्यामुळे आईला, कधीकधी बाळालाही, तपासण्या आणि प्रतिजैविके यांना सामोरे जावे लागते. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर काढण्याचे प्रमाणही कॉक्रेनच्या एकत्रित आकड्यांत वाढलेले दिसते. मात्र २००५ नंतरच्या चाचण्या वेगळ्या काढल्या की हा फरक उरत नाही. याचे मुख्य कारण औषध पातळ झाले, हे दिसते. २००१ च्या एका ब्रिटिश चाचणीत जुन्या, तीव्र मात्रेच्या पद्धतीत ३५ टक्के स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने, कोणत्याही उपकरणाविना झाली, तर कमी मात्रेच्या पद्धतींत ४३ टक्के स्त्रियांची. तेव्हा रुग्णालयात विचारायचा खरा प्रश्न ‘एपिड्युरल देता का’ याच्या पुढचा, म्हणजे ‘कोणत्या मात्रेचे देता’ हा आहे. संदेश लिहिणाऱ्याला एपिड्युरलवर टीकाच करायची होती, तर ताप आणि लांबलेला दुसरा टप्पा ही अस्सल सामग्री हाताशी होती. त्याने नेमका मोडीत निघालेला मुद्दा उचलला.

पाठदुखीचा दावाही असाच एका जुन्या पाहणीतून आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, बर्मिंगहॅमच्या ११,७०१ स्त्रियांच्या पाहणीत एपिड्युरल घेतलेल्या सुमारे १९ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ पाठ दुखत असल्याचे कळवले. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण साडेदहा टक्के होते. ही माहिती प्रसूतीनंतर कित्येक वर्षांनी, आठवणीवर विसंबून, टपालाने गोळा केलेली होती. नंतर ब्रिटनमध्येच ३६९ स्त्रियांना दोन गटांत वाटून दोन वर्षांहून अधिक काळ त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या पाठदुखीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. बाळंतपणानंतर पाठ दुखतेच, पुष्कळ जणींची दुखते. पोटाचे ताणलेले स्नायू, सैल झालेले सांधे आणि दिवसरात्र बाळ उचलणे एवढी कारणे त्याला पुरेशी आहेत. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, तेवढे खरे.

पाठीऐवजी डोक्याविषयी सावध केले असते, तर संदेशाचा काही उपयोग झाला असता. साधारण शंभरांतील एकीच्या बाबतीत सुई मज्जारज्जूच्या आवरणाला लागते, आतला द्रव पाझरतो आणि उठून बसले की वाढणारी, आडवे झाले की ओसरणारी तीव्र डोकेदुखी सुरू होते. तिच्यावर उपाय आहे : स्त्रीचेच थोडे रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवतात. अशी डोकेदुखी अंगावर न काढता भूलतज्ज्ञाला कळवायची असते, हे प्रत्येक गर्भवतीला आधीच सांगितले गेले पाहिजे.

बाळाविषयीच्या दाव्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. गुंगीचा आरोप खरे तर चुकीच्या औषधावर केला गेला आहे. पेथिडीनसारखे अफूवर्गीय वेदनाशामक इंजेक्शनने दिले की ते वारेतून बाळापर्यंत सहज पोहोचते, बाळ सुस्त होते आणि त्याचा श्वास मंदावू शकतो. त्यावर उतारा म्हणून नालोक्झोन द्यावे लागते. कॉक्रेनच्या आढाव्यात एपिड्युरल गटातील बाळांना या उताऱ्याची गरज कमी पडली, आणि अपगार गुणांकन (जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती मोजण्याची पद्धत) किंवा अतिदक्षता विभागात दाखल होणे यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. (हे गुणांकन १९५२ साली तयार करणाऱ्या व्हर्जिनिया अपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, आणि आईला दिलेल्या भुलेचा बाळावर काय परिणाम होतो हा या गुणांकनावरील त्यांच्या पहिल्याच शोधनिबंधाचा एक विषय होता.) एपिड्युरलमध्ये मिसळले जाणारे फेंटानिल हे अफूवर्गीय औषधही अल्प प्रमाणात बाळाकडे जाते, हे नाकारता येत नाही. दूध पाजण्याबाबत निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास परस्परविरोधी आहेत. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांनी आधी एका बाळाला अंगावर पाजले होते अशा स्त्रियांना फेंटानिलच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा सहा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील ९० टक्क्यांहून अधिक जणी बाळाला पाजत होत्या. ती चाचणी पहिलटकरणींवर नव्हती, हे लक्षात ठेवून तिचा अर्थ लावावा.

स्वमग्नतेची भीती २०२० च्या एका कॅलिफोर्नियातील अभ्यासातून आली. त्यात एपिड्युरल घेतलेल्या मातांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे निदान काहीसे जास्त आढळले होते. पुढच्याच वर्षी कॅनडा आणि डेन्मार्क येथील मोठ्या नोंदवह्यांवरून हा संबंध तपासला गेला आणि डेन्मार्कच्या जवळजवळ पावणेपाच लाख मुलांच्या नोंदींत तो सापडला नाही.

श्वासाचे व्यायाम, हालचाल आणि कोमट पाणी पुरेसे असते, हा चौथा दावा अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्याबद्दल संदेशाचे आभारच मानले पाहिजेत. पहिल्या टप्प्यात उभे राहणे, चालणे, गुडघ्यांवर टेकणे यांमुळे तो टप्पा सरासरी तासाहून अधिक कमी होतो, असे कॉक्रेनच्या दुसऱ्या एका आढाव्यात दिसते. कोमट पाण्यात बसल्याने एपिड्युरलची मागणी काहीशी घटते. सर्वांत प्रभावी ठरते ती सतत सोबत असलेली व्यक्ती : २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीनुसार अशी सोबत मिळाली की नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, सिझेरियनचे घटते आणि प्रसूतीची कटू आठवण राहण्याची शक्यताही कमी होते. पण ‘उपयोगी’ आणि ‘सर्वांना पुरेसे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हालचाल, मसाज, श्वासावर लक्ष, आवडीच्या व्यक्तीची सोबत यांच्याबरोबरच, निरोगी गर्भवतीने वेदनाशमन मागितल्यास एपिड्युरल हाही पर्याय म्हणून दिला आहे. दोन्ही एकाच प्रसूतीत, एकामागून एक, वापरता येतात. सकाळभर पाण्यात बसलेली स्त्री दुपारी एपिड्युरल घेऊ शकते, आणि त्याने तिची सकाळ वाया जात नाही.

शेवटचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शरीरशास्त्राविषयी नाही. स्त्रीने मागितले तरी ऐकू नये, ही सूचना संमतीच्या मुळावर घाव घालते. कळा सोसणारी स्त्री शुद्धीवर असते, निर्णयक्षम असते आणि चार महिन्यांपूर्वी कागदावर लिहिलेल्या स्वतःच्या मतापेक्षा आता अनुभवलेल्या वेदनेवर विसंबण्याचा तिला पूर्ण अधिकार असतो. तिने आधी होकार लिहून ऐनवेळी नकार दिला तर तो जसा मानावा लागतो, तसाच नकारानंतरचा होकारही. बर्थ प्लॅन हा डॉक्टर, सूईण आणि सोबतची व्यक्ती यांच्याशी आधीच बोलणे सुरू करण्याचा कागद आहे. त्यात अटी, क्रम आणि पर्याय लिहावेत, शपथ लिहू नये.

कागदाला चिकटून राहण्यात व्यवहाराची अडचणही आहे. रक्त पातळ करणारे, कमी रेणुभाराचे हेपारिन चालू असेल, तर शेवटच्या मात्रेनंतर एपिड्युरलपूर्वी थांबावे लागते. लहान, प्रतिबंधक मात्रेनंतर सहसा १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर २४ तास. बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी) फार कमी असतील किंवा टोचायच्या जागी संसर्ग असेल, तर ते देताच येत नाही. उलट रक्तदाबाचा विकार असलेल्या स्त्रीला डॉक्टर स्वतःहून लवकर एपिड्युरल सुचवू शकतात, कारण नळी आधीच बसवलेली असली आणि तातडीने सिझेरियन करण्याची वेळ आली, तर बहुतेक वेळा तिच्यातूनच अधिक तीव्र औषध देऊन पूर्ण भूल टाळता येते. म्हणजे संदेशाने जिला सिझेरियनचे कारण ठरवले, तीच नळी सिझेरियनच्या वेळी कामी येते. या बाबी सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञाशी बोलून घ्याव्यात, आणि त्याच भेटीत भूलतज्ज्ञ रात्रीही रुग्णालयात असतो का, मागितल्यावर किती वेळ लागतो, नळी बसल्यावर पलंगावरून उतरता येते का, हेही विचारून ठेवावे.

शक्यतो एपिड्युरलविना प्रसूती व्हावी अशी जिची मनापासून इच्छा आहे, तिच्यासाठीही या कागदात जागा आहे. ‘मी पहिल्यांदा मागितले, तर मला धीर द्या, जागा बदलायला लावा, पाण्यात बसवा आणि पुढच्या काही कळांनंतर पुन्हा विचारा’ असे ती लिहू शकते. त्यासोबत एखादा सांकेतिक शब्दही ठरवता येतो, जो एरवी तिच्या तोंडी येणार नाही. ‘आता सहन होत नाही’ हे वाक्य कळांमध्ये अनेकदा निघते आणि त्यावर धीर देणे योग्यच असते. पण तो ठरलेला शब्द उच्चारला, की सोबतच्या व्यक्तीने समजावणे थांबवून भूलतज्ज्ञाला बोलवायचे असते.