आराखडा ठरताना घरच्यांना विचारा

महाराष्ट्रातून मानसिक आरोग्याची बातमी आली की पुढचा वाद ठरलेला असतो. मानसोपचारतज्ज्ञांची पदे रिकामी आहेत, खाटा कमी पडतात, निधी वेळेवर येत नाही. सगळे खरे आहे. पण जिल्ह्यात कोणती सेवा कुठे आणि कोणत्या वारी हवी, हे ठरवताना रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कोणी विचारते का? मला हा प्रश्न सगळ्यांत आधीचा वाटतो.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियात २००४ साली मतदारांनी दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर एक टक्का जादा कर मंजूर केला, खास मानसिक आरोग्यासाठी. पैसा काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाकडे, येतो, पण खर्चाचा मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवून जाहीर सुनावणी घ्यावी लागते. ती घेणाऱ्या मंडळात निम्मे सदस्य उपचार घेणारे किंवा त्यांचे घरचे असावेत, असा कायदा आहे. २०२४ मध्ये मतदारांनी कायदा बदलला, व्यसनमुक्तीही त्यात आली. सुनावणी मात्र राहिली.

अशा एका सुनावणीत एक आई उठली. मुलाला इस्पितळातून सोडताना आठवड्याची औषधे दिली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची. "मधले दोन आठवडे मी काय करायचे?" एवढेच तिने विचारले. टेबलावरच्या जाडजूड मसुद्यात हे कुठेच नव्हते.

इथेही सगळे आलबेल नाही. सभा कामाच्या दिवशी दुपारी असतात, बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि येणारे चेहरे बहुधा तेच. आपले लोक तर फिरकतही नाहीत. घरातला आजार चारचौघांत कोण काढणार? शिवाय मंडळ फक्त सल्ला देते. तरी एक गोष्ट मोलाची आहे: मंडळाची ठोस सूचना अंतिम आराखड्यात घेतली नाही, तर का घेतली नाही हे काउंटीला लेखी द्यावे लागते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्य प्राधिकरणात रुग्ण आणि काळजीवाहकांना जागा दिल्या. चांगलेच झाले. पण याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळांचे काम दाखल करणे, हक्क आणि तक्रारी यांभोवती फिरते. जिल्ह्याचा आराखडा ठरतो तिथे त्या आईला खुर्ची नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात जिल्ह्याचे पथक ठरलेल्या वारी येते, असे धरा. तो वार बाजाराचा असावा, हे गावातली कुठलीही बाई एका वाक्यात सांगेल. त्या दिवशी एसटी असते, आणि कुठे निघालीस म्हणून कोणी विचारत नाही. कार्यालयात बसून वार ठरवणाऱ्याला हे सुचणार नाही, कारण त्याला लपून औषध आणावे लागत नाही.

लोक बोलणार नाहीत, हा आक्षेप मला पटत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दारूचे दुकान बंद होते, आणि बायकांनी गावोगाव, घरचा-दारचा विरोध पत्करून, ते करून दाखवले आहे. काय बंद करायचे हे त्यांना विचारतो. मग दारू सुटताना हातपाय थरथरणाऱ्या नवऱ्याला रात्री कुठे न्यायचे, याची सोय कशी असावी हे का विचारत नाही?

वाटही नवी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून आपल्याकडे लोकाधारित देखरेख आली, जनसुनवाया झाल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध का नाही हे लोकांनी अधिकाऱ्यांना तोंडावर विचारले. तेच मानसिक आरोग्याला लावा. जिल्ह्याच्या पीआयपीत, म्हणजे आरोग्य कार्यक्रमांच्या अंमलबजावणी आराखड्यात, या कामाचे पान भरण्याआधी तालुक्याला सुनावणी घ्या. उघडपणे बोलायचे नसेल त्यांच्यासाठी आशाताईंमार्फत निनावी म्हणणे घ्या. समितीत निम्म्या जागा रुग्ण आणि घरच्यांच्या ठेवा, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्या. आणि जी सूचना नाकाराल तिचे कारण मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.