कॅसेटीतलं सोनं काढायला निघालेल्यांनो, ॲसिडची बाटली आधी खाली ठेवा

आपल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सिनेमावरच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी फेकू नका. अमेरिकेत ई.टी. सिनेमावरच्या गेमच्या कॅसेटी वाळवंटात पुरल्या, म्हणून उरलेल्या लाखाला जातात. त्या एका गेमने सगळा धंदा बुडवला. कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारा. तरी नाही लागली तर पिनांवरचं सोनं संडासाच्या ॲसिडात काढा.' यवतमाळकडचा माझा भाचा हे वाचून खरंच ॲसिड घेऊन बसला, म्हणून हे लिहितोय.

सोन्याचंच आधी. पिनांवर कधीकधी सोन्याचा मुलामा असतो, तेवढं खरं. आता हिशेब करा. आपल्याकडच्या कॅसेटीला 60 पिना. एक पिन साधारण दीड मिलिमीटर रुंद, आठ मिलिमीटर लांब, म्हणजे सगळ्या मिळून 720 चौरस मिलिमीटर. स्वस्त मुलाम्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी धरली, तरी एका कॅसेटीत दीड मिलिग्रॅमही सोनं भरत नाही. एक ग्रॅमसाठी सातशेच्या वर कॅसेटी लागतील! आणि कित्येक नकली कॅसेटींत तर सोनंच नसतं. कॅसेटीच्या आतल्या पट्टीवर मधे जो काळा थेंब दिसतो, त्याच्याखाली सिलिकॉनची चिप असते, तिथेही खजिना नाही.

संडास धुवायच्या ॲसिडात सोनं विरघळतच नाही. मग पोट्टे कुठूनतरी नायट्रिक आणून त्यात ओततात. त्यातून निघणारा तांबूस धूर छातीत गेला की सुरुवातीला नुसता खोकला येतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. माणूस बरा वाटतोय म्हणून घरीच राहतो, तिथेच घात होतो. असा धूर कुणाच्या छातीत गेलाच, तर त्रास नसला तरी लगेच दवाखान्यात न्या. उरलेल्या पाण्यात तांबं आणि झाळणातलं शिसं असतं. ते परसात ओतलं की मुरत मुरत विहिरीकडे जातं.

आता लाखाची गोष्ट. पुरल्या हे खरं. 1983 साली अटारी या अमेरिकन गेम कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत कॅसेटी पुरल्या आणि 26 एप्रिल 2014 रोजी त्या उकरल्या. बाहेर काढल्या सुमारे 1,300, त्यांत सेंटिपीड, मिसाइल कमांड, डिफेंडर असे कितीतरी दुसरे खेळ होते. प्रमाणपत्रासह झालेल्या लिलावात सर्वांत महाग ई.टी. सुमारे दीड हजार डॉलरला गेली, तीही त्या खड्ड्यातली म्हणून. दुकानातून विकली गेलेली ई.टी. दुर्मिळ नाही, तिच्या लाखो प्रती खपल्या होत्या. शिवाय ई.टी. ज्यावर चालायची त्या अटारी 2600 या गेमच्या खोक्याच्या कॅसेटीला 24 पिना असतात, टीव्हीला लावायच्या आपल्या 60 पिनांच्या खोक्यात ती शिरणारच नाही. आपल्याकडच्या ज्युरासिक पार्क किंवा टर्मिनेटरचं स्टिकर लावलेल्या बहुतेक कॅसेटी नकली प्रती आहेत. त्यांना लाख कोण देणार?

एका गेमने धंदा बुडवला हेही अर्धवट. ई.टी. जेमतेम पाच आठवड्यांत उरकली, वाईट होती, मान्य. पण बाजार अमेरिकेतला पडला, आणि तो भाराभर खोकी, कुणीही काढलेले टुकार खेळ आणि स्वस्त झालेले संगणक यांनी मिळून पाडला. त्याच 1983 च्या जुलैत जपानात निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा गेमचा खोका आला, आपल्याकडची ती खोकी त्याचीच नक्कल.

फुंकरीबद्दल निन्टेंडोच्याच सूचनेत स्पष्ट म्हटलंय: फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. फुंकून कॅसेट 'लागते', कारण ती काढून परत बसवल्याने पिना नव्या जागी टेकतात. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या कॅसेटीला तर आणखी ओल नकोच.

करायचं ते असं. अडॅप्टर काढा. खोडरबर पिनांच्या लांबीच्या दिशेने हलकं फिरवा, आडवं नको, आणि भुगा झटकून टाका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे 99 टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ते जुन्या बनियनच्या तुकड्यावर घेऊन पुसा. घरचा कापूस वापरू नका, तंतू सॉकेटात अडकतात. पॉलिश पेपर आणि रॉकेल तर अजिबात नको, पेपरने मुलामा जातो आणि खालचं तांबं काळं पडतं. दहा मिनिटं वाळू द्या, मगच लावा.

तरी आवाज नीट येतोय पण चित्र विस्कटलंय, तर चित्राकडच्या पिना टेकत नाहीयेत. नुसताच एकरंगी पडदा येत असेल, तर प्रोग्रॅमकडच्या पिना बघा. दोन्ही ठिकाणी तोच तुकडा जुन्या एटीएम कार्डाला गुंडाळून खोक्याच्या सॉकेटात चार-पाच वेळा आत-बाहेर करा. अडॅप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्ट जुळवाच, पण मधली पिन धन आहे की ऋण, तेही खोक्यावरच्या खुणेवरून बघून घ्या. मूळ फॅमिकॉममध्ये मधली पिन ऋण असते, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत ती धन असते.