मनापासून हरल्याबद्दल

मुद्दाम हरल्याच्या संशयावरून माझ्यावर सात दिवसांची बंदी घालण्यात आली होती आणि आज सकाळी ती, रीतसर चौकशीअंती, उठवण्यात आली. या दोहोंपैकी मोठा अपमान कोणता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

प्रकरण थोडक्यात सांगतो. चतुर्थीसाठी ठाण्याहून आलेला भाचा आणि मी खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, बाकावर बसून, मध्ये करंज्यांचे ताट ठेवून, आपापल्या लॅपटॉपवर एक डावपेचांचा खेळ खेळत होतो. शेते पिकवायची, लाकूड तोडायचे, सैन्य जमवायचे आणि समोरच्याचा कोट पाडायचा, अशा जातीचा. भाच्याचे कोपर माझ्या कोपराला लागत होते. तरीही त्याच्यावर चाल करून जाण्यासाठी माझ्या घोडेस्वारांना आधी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा सर्व्हरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकाला, वर्दी द्यावी लागत होती, कारण दोन माणसांनी इंटरनेटवाचून खेळण्याची सोय या खेळात ठेवलेलीच नाही. आमच्या घरी नेटवर्क फक्त तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर येते, म्हणून मोबाइल तेथे ठेवला होता. सकाळच्या पूजेत आईने त्यालाही एक जास्वंद वाहिली आणि त्या दिवशी नेटवर्क खरोखरच बरे राहिले. "मामा, साधा सामना खेळू, गुण मोजणारा नको," असे भाचा पहिल्यापासून सांगत होता, परंतु त्याला हरवायचे तर जगाच्या दफ्तरी नोंद होईल असेच हरवायचे, हा हट्ट माझा. दोन दिवसांत पाच सामने झाले. पाचही मी हरलो, शेवटचा तर अकरा मिनिटांत. त्यानंतर पडद्यावर मजकूर उमटला की एकाच ठिकाणाहून खेळणाऱ्या दोन खात्यांमध्ये अस्वाभाविक निकाल आढळल्यामुळे, गुणांची संगनमताने अदलाबदल केल्याच्या संशयावरून दोन्ही खाती सात दिवसांसाठी स्थगित करण्यात येत आहेत. मित्राची पायरी वाढावी म्हणून दुसऱ्या खात्यावरून त्याच्याशी मुद्दाम हरत राहणे, हा या खेळांतला एक प्रसिद्ध गुन्हा आहे, असे भाच्याने खाली मान घालून सांगितले. हसू दाबण्यासाठी त्याने ती खाली घातली होती, हे मला उशिरा कळले.

नेमके त्याच वेळी शेजारचे तात्या आले. तात्यांनी एसटीत सारी नोकरी कंडक्टर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतरही कोणाच्या खळ्यात शिरताना ते आधी आतली माणसे मोजतात.

"काय झाला रे? तोंड असा कित्याक पाडलंस?"

"तात्यानू, माझ्यार बंदी घातल्यानी."

"कोणी? ग्रामपंचायतीन?"

"नाय, ह्या खेळान. मी मुद्दाम हरलंय असा तेंचा म्हणणा."

तात्या बाकावर टेकले. एक करंजी उचलून, तिचे टोक मोडून, आतले सारण न्याहाळत त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "मगे, हरलंस काय नाय?"

"हरलंय."

"मुद्दाम?"

"नाय."

"मगे कसो?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. मी म्हणालो, "असोच."

"असोच पाच वेळा कोण हरता?" तात्यांनी भाच्याकडे पाहिले. भाच्याने आकाशाकडे पाहिले. "आणि ह्यो खेळ फुकट गावता?"

"नाय. साडेआठशे रुपये दिलंय."

"आमच्या वेळेक लोक पैशे घेवन हरत," तात्या करंजी खात म्हणाले. "तू पैशे देवन हरतंस."

यानंतर त्यांनी उठून माझ्या आणि भाच्याच्या लॅपटॉपांमधले अंतर वितीने मोजले. ते दोन विती भरले. हा निकाल दोन वितींवर न लागता परदेशात लागतो, हे त्यांना पटवून देण्यास मला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात दोनदा लाईट जाऊन आली. तो सर्व्हर आम्हांला दोघांना पाहतो काय, असे त्यांनी विचारले, नाही, म्हटले. मग संगनमत आहे हे त्याला कसे कळले? एकाच घरातून दोघे खेळत होते म्हणून, असे मी सांगितले. त्यावर तात्या इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

"म्हणजे एका घरातली माणसां एकामेकांक मनापासून हरवूक शकनत नाय, असा तेका वाटता? तेका म्हणा, एकदा आमच्या वाडीत ये. सातबारे दाखवतंय. वाटपाचे दावे दाखवतंय. आमचो आजो आणि तेचो सख्खो भाव, एकाच चुलीवरचा जेवत आणि एकाच एसटीन कोर्टात तारखेक जात."

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. 2000 च्या सुमारास रत्नागिरीत वसतिगृहावर असताना आम्ही सोळा जण मिळून खेळाची एकच सीडी वापरत होतो आणि तीही कोणाच्या तरी सीडीची नक्कल होती. 1998 साली आलेल्या स्टारक्राफ्ट या अशाच डावपेचांच्या खेळाच्या निर्मात्यांनी तर एका सीडीवरून मित्रांच्या संगणकांवर, फक्त एकत्र खेळण्यापुरत्या, प्रती घालण्याची मुभाच ठेवली होती. आम्ही ती न मागता घेतली आणि तिची व्याप्ती मनाला येईल तेवढी वाढवली. 1999 साली एज ऑफ एम्पायर्स 2 आला, तेव्हा या खोलीच्या खिडकीतून त्या खोलीच्या खिडकीत निळी वायर टाकली, की इंटरनेट नावाची वस्तू शहरात आहे काय याची चौकशीही करावी लागत नसे. ज्या काळात मी खरोखर चोर होतो, त्या काळात माझ्यावर कोणीही संशय घेतला नाही. आयुष्यातला पहिला खेळ पैसे मोजून विकत घेतला आणि तिसऱ्या दिवशी गुन्हेगार ठरलो.

त्या काळीही चोरांना शिक्षा होत असे, नाही असे नाही, पण तीत काही रसिकता होती. सेटलर्स 3 या खेळाच्या चोरीच्या प्रतीत लोखंडाच्या भट्टीतून लोखंडाऐवजी डुकरे निघत; तलवारी घडवायला बसलेल्या राजाच्या दारात डुकरांचा कळप जमे आणि सैन्य मात्र उभे राहत नसे. 2000 च्या रेड अलर्ट 2 मध्ये नकली प्रत ओळखली गेली, की अर्ध्या मिनिटाच्या आसपास खेळाडूच्या सगळ्या इमारती आणि सगळी फौज आपोआप स्फोटात उडून जाई. 2012 च्या अखेरीस आलेल्या गेम डेव्ह टायकूनमध्ये खेळाडू स्वतःच व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी चालवतो. त्याच्या निर्मात्यांनी स्वतःच एक वेगळी प्रत चोरबाजारात सोडली, आणि तीत खेळाडूची कंपनी, लोक आपले खेळ चोरतात म्हणून, बुडू लागे. चोरून खेळणारे मग, या चोरीवर उपाय काय, असे केविलवाणेपणाने विचारू लागले. अशा शिक्षेला मी टाळी देतो.

पुढे मात्र चोर पकडण्याचा कंटाळा येऊन सगळ्यांनाच दारात उभे करण्याची पद्धत पडली. 2010 साली स्टारक्राफ्ट 2 आला तो वायर जोडून आपसांत खेळण्याची सोय काढून टाकूनच, आणि त्यामागच्या कारणांत नकली प्रती हे एक मोठे कारण होते. एकाच मंचावर शेजारी बसलेले व्यावसायिक खेळाडूही मग दूरच्या सर्व्हरमार्फत लढू लागले. 2013 च्या मार्चमध्ये सिमसिटी या शहर वसवण्याच्या खेळाने एकट्या खेळाडूलाही कायम इंटरनेटशी जोडलेले राहण्याची सक्ती केली, आणि पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडून पैसे मोजलेली माणसे स्वतःच्याच नगराच्या वेशीवर रांगेत तिष्ठत राहिली. वर्षभराने इंटरनेटवाचून खेळण्याची सोय त्यात देण्यात आली, तेव्हा आकाश कोसळले नाही.

हे सारे मी तात्यांना सांगितले, कारण ते अजून गेलेले नव्हते. त्यांना यात नवे काहीच वाटले नाही. "तपासनीस गाडीत चढलो," ते म्हणाले, "की बिनतिकिटाचो मागच्या दारान उतरान जाता. तिकीट काढलेलो म्हातारो मात्र खिसो, पिशवी, चंची, सगळा उलटा करीत बसता. आणि मेल्या, तिकीट सापडला तरी तोच घामान भिजता."

आता न्यायाने बोलायचे, तर फसवणूक होते आणि ती भयंकर होते. भाच्याने समजावले ते असे की या खेळांत शेकडो सैनिकांची हालचाल इंटरनेटवरून सतत पाठवत राहणे जुन्या मोडेमांना झेपण्यासारखे नव्हते. म्हणून प्रत्येक संगणक संपूर्ण युद्ध आपल्या पोटात चालवतो आणि एकमेकांना फक्त हुकूम कळवले जातात. याचा अर्थ, शत्रूच्या प्रदेशावर पडद्यावर जे काळे धुके दिसते, त्याखालचे सारे सैन्य आपल्याच संगणकात ठाऊक असते. धुके हा फक्त वर टाकलेला पडदा. तो पडदा चोरून उचलणाऱ्या प्रोग्रॅमना मॅपहॅक म्हणतात, आणि असा एक महाभाग भाच्याच्या प्रत्येक गनिमी काव्याच्या आधीच वाटेत भाले रोवून उभा असे. सगळ्यांचे पत्ते प्रत्येकाच्या खिशात आणि कोणी पाहायचे नाही अशी शपथ, असा हा डाव.

तात्यांनी क्षणभर विचार केला. नारळी पौर्णिमेला मालवणच्या धक्क्यावर नारळ लढवण्यात तात्यांचे एके काळी नाव होते. "आमी काय करू?" ते म्हणाले. "लढवच्या आधी माझो नारळ तेच्या हातात, तेचो माझ्या हातात. वाजवन बघायचो, हुंगान बघायचो. संशय इलो तर नारळ बदल म्हणून सांगायचा. तोंडार." मी म्हटले, तात्यानू, समोरचा माणूस ब्राझीलमध्ये असेल तर नारळ हातात कसा देणार? "ता खरा," ते म्हणाले आणि ताटाकडे पाहत पुढे म्हणाले, "पण भाचो हयच होतो."

या वाक्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि माझा खरा राग येथेच आहे. ब्राझीलच्या माणसासाठी बांधलेला तुरुंग मला माझ्या खळ्यात का लागू? संशय घेण्याचे काम यंत्राला दिल्यावर त्या यंत्राला एक करंजी खाऊन माणसाचे तोंड पाहण्याची सोय कोणी ठेवत नाही. आणि मी हे कोणाला सांगावे, तर तक्रारीसाठी तीनशे अक्षरांची चौकट, तीही इंग्रजीत आणि तीही इंटरनेट असेल तरच उघडणारी.

संध्याकाळच्या भजनापर्यंत वाडीत बातमी पोहोचली होती, आणि वाटेत तिचे वजन वाढले होते. गणपतीवरच्या माटवीखाली बसताच पखवाजवाल्याने डोळा मारून विचारले, "किती गावले?" पेटीवाल्याचे म्हणणे पडले की घरच्या माणसाकडून पैसे घेणे बरे नव्हे. हरकत घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, माझ्या नावावर प्रथमच काहीतरी पराक्रम जमा होत असल्याचे पाहून मी पहिले काही क्षण गप्प राहिलो. 2010 साली दक्षिण कोरियात स्टारक्राफ्टच्या व्यावसायिक खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे उघडकीस आले आणि अकरा जणांवर आजीवन बंदी आली. पण ते मुळात जिंकू शकणारे लोक होते. हरणे विकायला आधी जिंकणे पदरी असावे लागते. हे मी उसळ-पाव खाताना सर्वांना समजावून सांगितले, तेव्हा पखवाजवाला म्हणाला, "म्हणजे तुका कोण पैशे देवचो नाय?" आणि सगळ्यांची खात्री पटून विषय गजराकडे वळला.

तक्रार मी लिहिलीच. त्या तीनशे अक्षरांत मला एवढेच मांडायचे होते की मी सद्भावनेने, पूर्ण ताकदीनिशी आणि कोणाच्याही मदतीवाचून हरलो आहे. पुरावा जोडा, असे तेथे म्हटले होते. स्वतःच्या नालायकीचा पुरावा कसा जोडतात? भाच्याने आमच्या पाचही सामन्यांच्या नोंदी जोडल्या. त्या पुन्हा पाहताना तो एकदा पडवीत जाऊन आला.

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, भाचा कुडाळहून गाडीत बसून गेला आणि आज, सहाव्या दिवशी, उत्तर आले. आपल्या सामन्यांची प्रत्यक्ष माणसाकडून तपासणी करण्यात आली असून, आपण हेतुपुरस्सर हरत असल्याचे कोठेही आढळले नाही. सर्व पराभव आपल्या नेहमीच्या कौशल्याशी सुसंगत आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. खाली नवशिक्यांसाठीच्या प्राथमिक धड्यांचा दुवा दिला होता.

तात्यांनी ते माझ्याकडून दोनदा मोठ्याने भाषांतर करून घेतले. "बघ," ते समाधानाने म्हणाले, "निर्दोष सुटलंस," आणि ही वार्ता वाडीला देण्यासाठी घाईघाईने फाटकाकडे निघाले.

दुपारी भाच्याचा फोन आला. त्याचेही खाते खुले झाले होते. "मामा, रात्री एक सामना?" मी सांगितले की पावसामुळे येथे लाईट नाही, नेटवर्कही नाही, आणि इतक्यात येईलसे दिसत नाही. लाईट होती. आणि मी बोलत होतो तो मोबाइल तुळशीच्या कठड्यावर, ताज्या जास्वंदीशेजारी, चारही दांड्या दाखवत होता.