‘फुफ्फुसातल्या बुरशीचं ऑपरेशन करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘फुफ्फुसात बुरशी झाली तर ऑपरेशन करू नका. चाकू लागला की ती अंगभर पसरते. औषध आणि हळदीची वाफ पुरे. डॉक्टर पैशासाठी कापतात.’

‘औषध पुरे.’ काही बुरशींना पुरतंही. पण टीबी बरा झाल्यावर फुफ्फुसात पोकळी उरली, तर तिच्यात अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा होऊ शकतो. त्याला रक्तपुरवठाच नसतो. रक्तातून येणारं औषध आत पोचणार किती? सिटी स्कॅनवर हा गोळा पोकळीत सुटा पडलेला दिसतो, वर हवेची चंद्रकोर. रुग्णाला पालथं झोपवलं की तो बऱ्याचदा घरंगळून दुसऱ्या बाजूला जातो.

म्युकरची तऱ्हा वेगळी. २०२१ साली काळी बुरशी म्हणून धास्ती घेतली होती, तीच ही. ती रक्तवाहिनीत शिरून ती बंद पाडते, पुढचा भाग मरतो आणि तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शनही नीट पोचत नाही. म्हणून ते इंजेक्शन, रक्तातल्या साखरेवर ताबा आणि शक्य असेल तिथे मेलेला भाग काढणं, तिन्ही एकदम लागतं.

‘चाकूने पसरते.’ म्युकर पसरते ती रक्तवाहिन्यांतून, चाकू न लागताही. गोळ्याची पोकळी ऑपरेशनात फुटून छातीत सांडली तर मात्र संसर्ग होतो, हे खरं. त्यामुळे सर्जन ती न फोडता बहुतेक वेळा अख्खा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा तो कप्पाच, काढायला बघतात. जुन्या टीबीने फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं, ते सोडवताना रक्त बरंच जाऊ शकतं. भीती घालायचीच तर ही खरी तरी घाला.

‘पैशासाठी कापतात.’ बिलाची धडकी मलाही भरते. पण त्रास न देणारा गोळा बहुधा नुसता नजरेखाली ठेवतात. दम पुरत नसेल किंवा दोन्ही फुफ्फुसं खराब असतील तर बहुतेकदा ऑपरेशन टाळतात. गोळ्यामुळे खोकल्यातून रक्त पडायचं थांबेना तर जांघेतून नळी घालून ते जिथून येतं ती रक्तवाहिनी बुजवतात. पुढे पुन्हा रक्त पडू शकतं, हेही सांगून ठेवतात.

हळद आमटीत घाला.

मेसेजात नाही ते सांगतो. टीबी होऊन गेलेल्याच्या थुंकीत रक्त दिसलं की ‘टीबी उलटला’ म्हणत काहीजण थुंकी न तपासताच पुन्हा टीबीची औषधं सुरू करतात. बेळगावात दाखवा नाहीतर मिरजेला, पण लगेच. आणि जुने एक्स-रे सोबत न्या. पोकळी आधीपासून होती का आणि तिच्यात गोळा नंतर दिसू लागला का, हे त्यांवरूनच ताडता येतं.