जुना सिनेमा आवडणं म्हणजे नुसतं स्मरणरंजन नव्हे

"जुने सिनेमे आवडतात म्हणणारे खरं तर स्वतःच्या आठवणींवर प्रेम करत असतात. ते सिनेमे नाटकी, संथ आणि तंत्रात मागास होते. आज कोणी नव्याने पाहायला बसलं तर दहा मिनिटांत उठेल." अशा अर्थाचा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. १९५०च्या आसपासच्या सिनेमावर माझा जीव आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आठवण यायला तो काळ जगलेला असावा लागतो. मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो. २०१२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या साडेतीनशेहून अधिक दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा पहिला आला जपानी दिग्दर्शक ओझू यांचा 'टोक्यो स्टोरी', १९५३चा. त्या सगळ्यांचं बालपण काही जपानमध्ये गेलं नव्हतं.

अभिनय नाटकी? याच सिनेमात म्हातारी आजी छोट्या नातवाला घेऊन माळावर गेलेली असते. तू मोठेपणी काय होणार, डॉक्टर होणार का, असं ती विचारते. मग तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन की नाही, असं जवळजवळ स्वतःशीच बोलते. पोराचं लक्षच नसतं, ते आपलं गवत उपटत बसतं. यापेक्षा साधा अभिनय कसा असतो, मला माहीत नाही.

संथपणाचं म्हणाल, तर ओझू संथ आहेतच आणि ते मला हवंसं वाटतं. पण सगळ्या काळाला तो शिक्का कशाला? १९५७चा '१२ अँग्री मेन' ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एकाच खोलीत घडणारा. दिग्दर्शक सिडनी लुमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर ठेवला, मग नजरेच्या पातळीवर आणला, शेवटच्या भागात त्याहून खाली. लेन्सही अधिकाधिक लांब पल्ल्याच्या वापरत नेल्या. त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या दिसतात, छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं आणि आपला जीव का घुसमटतोय ते कळत नाही.

तंत्र मागास म्हणणाऱ्यांनी सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (१९५६) पाहावा. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं होतं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर आकाशासारखं पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर मारले. परतून खाली आलेला उजेड इतका मऊ, की अंगण खरंच वाटतं. यंत्रसामग्री तुटपुंजी होती, हे मान्य. पण डोकं मागास नव्हतं.

एक मुद्दा मात्र खरा आहे: तेव्हाही टाकाऊ सिनेमे ढिगाने निघाले आणि ते आपण विसरलो. पण उरले ते तेव्हा चालले म्हणून उरले, असंही नाही. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ साली साफ पडला होता, तो आज लोक शोधून पाहतात. आणि 'अपराजितो'सह राय यांच्या अपू-त्रयीच्या, म्हणजे अपू या मुलाच्या आयुष्यावरच्या तीन सिनेमांच्या, मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या, तरी ते डबे कोणी फेकले नाहीत. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ, वाकड्या झालेल्या फिती जवळपास हजार तास खपून हाताने दुरुस्त केल्या. जे वाचलं नव्हतं ते इतर प्रतींतून घेतलं आणि २०१५ मध्ये तिन्ही सिनेमे पुन्हा पडद्यावर आले.